दोन पेठांची आई

आमच्या आईचं माहेर मंगळवार पेठेतलं आणि सासर शिवाजी पेठेतलं. कोल्हापूरबाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. दोन्ही पेठा एकाच गावातल्या, डोक्यावर पाटी घेऊन बाई चालत जाईल एवढ्या अंतरावर. पण ज्यांनी कोल्हापुरात फुटबॉलचा एखादा हंगाम काढलाय, ते हे वाक्य वाचून जरा थांबतील. तिकडे पाटाकडील तालीम, बालगोपाल. इकडे शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा. डिसेंबर उजाडला की दोन्हीकडच्या पोरांची बोलचाल तुटायची ती वळवाचा पाऊस पडेपर्यंत.

माझा मामा पाटाकडीलचा कट्टर. वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, शिवाजीचे. या दोघांच्या मध्ये आई. लग्नाची एक गोष्ट आमच्या घरात दोन तऱ्हेनं सांगितली जायची. मामाच्या म्हणण्याप्रमाणे, लग्नादिवशीच मोठी मॅच होती, म्हणून नवरदेवाचे दोस्त अक्षता पडून गेल्यावर धुळीच्या पायांनी पंगतीला येऊन बसले. आज्जी, म्हणजे आईची सासू, सांगायची की उशीर मुलीकडच्यांनी केला आणि कारण मॅचचंच होतं. दोन्ही गोष्टी ऐकताना आई वाढत असायची. कुठली खरी म्हणून विचारलं की म्हणायची, "जेवा आता. आमटी निवाय लागली."

आमच्या घरी जुन्या गोष्टींचा कारखाना आज्जी-आजोबांचा. आज्जी सांगायची की आता गांधी मैदान आहे तिथं पूर्वी वरुणतीर्थ नावाचं तळं होतं. पुढं ते बुजवलं आणि पोरांना खेळायला जागा झाली. पण पावसाळ्यात मैदानावर अजून पाणी साठतं. "तळ्याला आपली जागा ठावं असती," आज्जी म्हणायची. त्या पाण्यातला चिखल घेऊन आम्ही घरात शिरलो की मात्र तिचं तळ्यावरचं प्रेम आटायचं.

आजोबांचा जीव कुस्तीत. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं खासबाग मैदान हेच त्यांच्या मते खरं मैदान. तरी फुटबॉल त्यांच्या डोळ्यांदेखत वाढला, आणि वाढला तोही तालमींच्याच अंगणात. पहाटे हौदातली लाल माती अंगाला लावणारी पोरं संध्याकाळी चेंडूमागं पळायची. आजही वरिष्ठ गटात जे १६ संघ खेळतात, त्यांतल्या कितीतरींच्या नावात 'तालीम' हा शब्द टिकून आहे. मुंबई-पुण्याच्या पाहुण्याला ते चमत्कारिक वाटतं. आम्हाला त्यात काहीच चमत्कारिक वाटत नाही.

आजोबांची आवडती गोष्ट १९४८ सालची. राजाराम कॉलेजात शिकणारे खाशाबा जाधव लंडनच्या ऑलिंपिकला निघाले, खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांनी हात दिला, आणि तिथं ते सहावे आले. पुढच्या खेपेला, १९५२ मध्ये, हेलसिंकीला जायला पैसे पुरेनात तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, आणि खाशाबांनी ब्राँझ पदक आणलं. हे सांगताना आजोबांचा आवाज भरून यायचा. पण मला त्या गोष्टीचा दुसरा भाग ऐकायचा असायचा. त्याच लंडनला आपला फुटबॉलचा संघही गेला होता. बहुतेकजण अनवाणी. ३१ जुलै १९४८, समोर फ्रान्स. आपण २-१ नं हरलो, त्यात दोन पेनल्टी हुकल्या. त्या पेनल्टी आजोबा इतक्या हळहळीनं सांगायचे की ते गोलपोस्टच्या मागंच उभे होते असं वाटावं. त्यांनी ते कुणाकडून ऐकलं, पेपरात वाचलं की तालमीच्या कट्ट्यावर उचललं, देव जाणे. सांगताना त्यांचा उजवा पाय आपोआप हलायचा एवढं मला नक्की आठवतं.

मग पुढची कथा ठरलेली: १९५० च्या वर्ल्डकपला ब्राझीलला जायची संधी आली होती, पण आपल्या पोरांना बूट घालायची सवय नव्हती म्हणून गेलो नाही. हे आपल्याकडे घरोघर सांगतात. खरं कारण निराळं होतं हे पुष्कळ पुढं वाचनात आलं. तेव्हा आपल्या फेडरेशनला वर्ल्डकपपेक्षा ऑलिंपिकच मोठं वाटायचं. आईला मात्र ती बुटाची गोष्ट लहानपणापासूनच पटत नव्हती. भाकरी थापता थापता ती आतून म्हणायची, "पायात न्हाई म्हणून कोण घरात बसतंय व्हय? आम्ही शेतातनं अनवाणीच आलो की."

मी सात-आठ वर्षांची असल्यापासून थोरल्या भावाच्या मागं मैदानावर जायची. गोलीला कुणी मिळालं नाही की मला उभी करायचे. अंगात फ्रॉक, त्याच्या आत भावाची जुनी चड्डी. ही चड्डी आईनंच बेतून दिलेली. आज्जीला हे अजिबात खपायचं नाही. पोरीच्या जातीनं चिखलात लोळायचं म्हणजे काय, असा तिचा सवाल. आई सासूपुढं कधी आवाज चढवायची नाही. एकदाच म्हणाली, "आत्याबाई, भिंतीला शेणमाती लावाय पोरगी चालती. मग मैदानातली लागली तर काय हुतंय?" आज्जी त्यावर काही बोलली नाही. पण चार दिवस तिनं चहा मावशीच्या घरी घेतला.

आईचं कौतुक सांगायचं तर त्या कपड्यांपासून सांगावं लागतं. गांधी मैदानाचा चिखल काळा आणि चिवट. वाळला की कापडाच्या विणीत बसतो. आई ते कपडे लगेच पाण्यात घालायची नाही. आधी दोरीवर तसेच वाळू द्यायची, मग अंगणात नेऊन हातानं चुरगाळून झटकायची. अर्धी माती तिथंच गळायची. मग बादलीत रात्रभर भिजत. सकाळी पाठीवर उजेड घेऊन ती दगडापुढं बसायची. बनियनच्या बगला, चड्डीचा मागचा भाग आणि मोज्यांच्या टाचा एवढ्यांना साबणाची वडी वेगळी घासायची. बाकीच्याला नुसतं आपटणं. भावाच्या जर्सीवर रंगानं काढलेला नंबर होता. तो उडू नये म्हणून ती जर्सी उलटी करून धुवायची आणि सावलीत वाळत घालायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. हंगामात घरात पाण्याची ओढाताण असायची. नळ पहाटे यायचा. त्यातलं किती पाणी चेंडूच्या पायी गेलं, त्याचा हिशोब तिनं कधी आमच्यापुढं मांडला नाही.

दुखापतीचंही तसंच. घोटा सुजला की सहाणेवर आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून, पळीत गरम करून लेप. लावताना तोंड सुरू असायचं: "मेल्यांनो, हाडं मोडून घ्या, मग बसा माझ्या उरावर." आणि बोटं इतकी अलगद फिरायची की बोलणारी आणि लेप लावणारी बाई एकच यावर विश्वास बसू नये. बुटाची शिवण उसवली तर तीही ती घरीच घालायची. मेणाचा दोरा, जाड दाभण. दाभण आत घालताना ती चामड्याला आधी भोक पाडायची, दोरा दोन्ही बाजूंनी ओढायची. चांभारानं बघून मान डोलवावी असं काम. कुठं शिकलीस विचारलं तर, "शिकलो कुठंतरी."

मी मोठी झाले आणि माझं मैदानावर जाणं बंद झालं. घरातल्या थोरांचा तसा निर्णय झाला आणि त्या काळात तो कुणालाच वावगा वाटला नाही. मला वाटला. दोन दिवस मी जेवले नाही. आईनं समजूत घातली नाही की कुणाशी वादही केला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं जोंधळ्याचा डबा माझ्या डोक्यावर दिला आणि म्हणाली, "गिरणीत जा. दळण हुईस्तवर थांब. डबा ठेवून येऊ नको, लोक पीठ बदलत्यात."

गिरणी मैदानाच्या अंगाला होती. पायरीवर बसलं की समोर सगळा सराव दिसायचा. पहिल्या दिवशी मला काही कळलं नाही. मग ध्यानात यायला लागलं की ज्या दिवशी पोरांचा सराव, नेमकं त्याच दिवशी आमच्या घरातलं पीठ संपतं. दळण न्यायची वेळ पाच. गिरणीवाल्याकडं गर्दी असली तर "भांडू नको, मागनं घे" अशी ताकीद. अंधार पडायच्या आत घरी यायचं एवढीच अट. कितीतरी वर्षं आमच्या घरात पीठ थोडं थोडं आणि सारखं दळलं गेलं. आज्जी म्हणायची, "ही बया एकदम का दळून आणत न्हाई?" आई म्हणायची, "शिळ्या पिठाची भाकरी चिरती, आत्याबाई."

१९८० साली कालिकतला आशियाई महिला स्पर्धा झाली आणि भारताच्या मुली अंतिम फेरीपर्यंत गेल्या. आमच्या पेठेत, जिथं फुटबॉलशिवाय दुसरं बोलणं नव्हतं, तिथं ही बातमी माझ्या कानावर आली नाही. मी ती वाचली तेव्हा दोन पोरांची आई झाले होते. वाचून जे वाटलं त्यात राग जास्त होता. गिरणीच्या पायरीवर बसलेल्या पोरीला कुणीतरी ते सांगायला हवं होतं.

आई स्टेडियमात कधी गेली नाही. तेव्हा बायका जातच नसत. शाहू स्टेडियमात चार वाजता मॅच सुरू व्हायची आणि वारा बरा असला तर ओरडा आमच्या माडीवर ऐकू यायचा. उन्हाळ्यात, हंगाम ऐन भरात असताना, घरोघर चटणीची गडबड. मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायची, मसाला भाजायचा, मग डंकावर नेऊन कुटून आणायचा. आई माडीवर पोत्यावर मिरच्या पसरून बसलेली, डोक्यावर पदर, नाकाला फडकं, आणि कान स्टेडियमाकडं. मी तिच्या शेजारी देठं खुडत. ओरडा झाला की ती हात थांबवायची. "हुकला," म्हणायची. पुन्हा ओरडा. "ह्यो झाला बघ." मी विचारलं, कसं कळतं? तिचं म्हणणं, गोल झाला की आवाज वर जाऊन तिथंच राहतो, हुकला की वर जाऊन खाली बसतो. आणि कुणाचा झाला? तेही ती सांगायची. शिवाजी पेठेतली माणसं कुठल्या बाजूला बसतात आणि मंगळवारातली कुठल्या, ते तिला दादांच्या आणि मामाच्या बोलण्यावरून ठाऊक होतं. वाऱ्याची दिशा बघून ती निकाल लावायची.

ती नेहमीच बरोबर असायची असं भाऊ म्हणतो. माझ्या आठवणीत ती दोनचारदा चुकलीही. पण पोरं घरी यायच्या आत तिला निकाल कळलेला असायचा आणि चूल त्याप्रमाणं चालायची. जिंकलेल्या दिवशी ती दारातच भावाला पैसे द्यायची, "जा, दोस्तांना घेऊन भेळ खाऊन ये." हरलेल्या दिवशी तव्यावर गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा, खर्डा, आणि घरात कुणी मॅचचं नाव काढायचं नाही. दादांनी काढलंच तर ती त्यांच्या ताटात इतकी आमटी वाढायची की त्यांना बोलणं सोडून ताट सावरावं लागायचं. आणि पाटाकडील-शिवाजी मॅच असली, म्हणजे तिचा भाऊ एकीकडं आणि नवरा-पोरगा दुसरीकडं, त्या दिवशी ती सकाळीच अंबाबाईला जाऊन यायची. काय मागितलंस विचारलं तर म्हणायची, "कुणाचं डोकं फुटू नये एवढंच." तिथं हाणामाऱ्या व्हायच्या, त्यामुळं मागणं काही लहान नव्हतं.

१९८६ चा वर्ल्डकप आमच्या पेठेनं रात्री जागून काढला. मेक्सिकोतली दुपारची मॅच आपल्याकडं रात्री साडेअकराला. गल्लीत निम्मी घरं ब्राझीलची, निम्मी अर्जेंटिनाची. आमच्याकडं काळा-पांढरा टीव्ही होता आणि पुढच्या खोलीत वीसेक पोरं. मुलगी म्हणून मला त्यांच्यात बसता येईना, तर आईनं स्वयंपाकघराचं दार उघडं टाकलं आणि आम्ही दोघी उंबऱ्याच्या आत बसलो. तिच्या मांडीवर सूप, सुपात तांदूळ. २१ जूनच्या रात्री झिकोची पेनल्टी अडली, मग शेवटी पेनल्ट्यांवर फ्रान्सनं ब्राझीलला ४-३ नं काढलं. भाऊ भिंतीकडं तोंड करून रडला. आईनं त्याला काही म्हटलं नाही. दूध गरम केलं, साखर जास्त घातली आणि पेला त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या रात्री अर्जेंटिना-इंग्लंड. मॅराडोनाचे ते दोन गोल, एक हाताचा आणि एक अख्खा संघ चुकवून नेलेला. भाऊ आजही शपथेवर सांगतो की पहिला गोल हाताचा आहे हे आमच्या घरात आईनं सगळ्यांच्या आधी ओळखलं. ती उंबऱ्यातून म्हणाली, "हात लावला की त्यानं!" माझ्या डोळ्यांपुढं मात्र त्या क्षणी सुपावर मान टाकून पेंगणारी आई आहे, आणि ते वाक्य शेजारच्या काकूंचं. भावाशी मी यावर भांडत नाही. सोमवारी सकाळी आम्हाला कुणी उठवलं नाही. शाळेचं दादांनी विचारलं तर आई म्हणाली, "दोघांनाबी कणकण हाय." ती खोटं बोलायची नाही, असा तिचा गल्लीत लौकिक होता.

लग्न होऊन मी परगावी गेले. आईच्या पत्रात, पुढं फोनवर, बाकी सगळं झाल्यावर शेवटी एक वाक्य यायचं: अमका जिंकला, अमका हरला. मला आवडतं म्हणून ती ते भावाला विचारून ठेवायची.

२०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप भारतात झाला. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. मी तेव्हा माहेरी होते. आई थकली होती, तरी दिवाळीची भाजणी स्वतः भाजायचा हट्ट. ९ तारखेला रात्री आठला कोलंबियाशी मॅच. जॅक्सन सिंगनं गोल केला, वर्ल्डकपातला भारताचा पहिला गोल, आणि आम्ही ओरडलो. पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं दुसरा घातला आणि आपण २-१ नं हरलो. आजोबा असते तर म्हणाले असते, लंडनलाही हेच आकडे होते. आई अनिकेतकडं बघत होती. भाजणीचा वास घरभर. तिनं एवढंच विचारलं, "त्याची आई आली असंल का रं बघाय?" भाऊ म्हणाला, असेल की. "मग बरं. न्हाईतर तिला आवाजावरनं काय कळायचं, दिल्ली केवढी लांब."

२०१९ च्या उन्हाळ्यात आई गेली, चटणीच्या दिवसांत. त्यानंतर पंचगंगेला महापूर आला, मग साथ आली, मग मेस्सीनं कप उचलला आणि पेठांतली पोरं रात्रभर रस्त्यावर नाचली. प्रत्येक वेळी वाटलं, हे तिला फोन करून सांगावं.

कोल्हापूरच्या फुटबॉलबद्दल लिहिताना लोक राजघराण्याचा आश्रय लिहितात, तालमी लिहितात, जुन्या खेळाडूंची नावं लिहितात. ते सगळं लिहायलाच हवं. पण मी जेव्हा या पेठांतल्या घरांचा विचार करते तेव्हा मला दोरीवरच्या उलट्या जर्सी दिसतात. त्या प्रत्येक घरात कुणीतरी पहाटेच्या नळाचं पाणी वेगळं काढून ठेवलं होतं. एका पिढीनं नाही, चार पिढ्यांनी. त्यांच्याशिवाय हा खेळ एक पावसाळासुद्धा टिकला नसता असं माझं ठाम मत आहे.

मामा आता नव्वदीकडं झुकलाय. गेल्या हंगामात भेटायला गेले तर ठरल्याप्रमाणं त्यानं आपल्या त्या जुन्या गोलची गोष्ट काढली. अनवाणी पायानं, लांबून मारलेला, गोलीला हलूसुद्धा न देता. ही गोष्ट आम्ही जन्मभर ऐकली. दर खेपेला अंतर थोडं वाढतं. यंदा सांगता सांगता म्हणाला, चेंडूबी कसला, जुना चामड्याचा, वर वादी बांधायचा. फाटायचा सारखा. तुझ्या आईनं शिवलेला.

"आईनं?"

"मग कोण? तालमीच्या मागं पोरं चेंडू आणून द्यायची. ही परकरातली पोरगी, दाभण घिऊन बसायची. आतली पिशवीबी तीच भरायची. तिनं शिवला की फाटत नव्हता. चांभार पैसे मागायचा की."

मी विचारलं, किती वर्षांची होती? कुणी शिकवलं? मॅच बघायला यायची का? मामानं हात झटकला.

"ते ऱ्हाऊ दे. गोलचं ऐक की आधी."

ऐकला. मग पुन्हा शिवणीचं विचारलं. त्यानं पुन्हा गोलपासून सुरुवात केली. मामीनं आतून चहा आणला आणि म्हणाली, "अगं, मला इचार. मी शेजारच्याच घरातली. दोरा मी ओढून देत हुतो तिला."

मी खुर्ची मामीकडं वळवली.